चार अंड्यांचं वजन

राजूरच्या पोस्टात खिडकीवर बसून तीन वर्षांत मी काय काय तोललं होतं! राख्यांची पाकिटं, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, मुंबईतल्या लेकीसाठी नाचणीचं पीठ... एकदा तर कुणाच्या जावयाची विसरलेली चप्पलसुद्धा. पण अंडी? अंडी कधी तोलली नव्हती.

जानेवारीतली सकाळ होती. डोंगरावरून येणारा गार वारा दारातून थेट खिडकीपर्यंत पोचत होता. रांगेत पाच-सहा माणसं. त्यात एक उंच, चष्मेवाला तरुण. एवढ्या थंडीतही स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेला. त्याचा नंबर आला तसा त्यानं एक कागदी पिशवी दोन्ही हातांनी, अगदी अलगद, आत सरकवली.

"मॅडम, एवढ्याचं वजन करून द्याल?"

मी पिशवी उघडली. आत चार गावरान अंडी. एकाला अजून इवलंसं पीस चिकटलेलं.

"कुठं पाठवायची?"

"कुठंच नाही. नुसतं वजन हवंय. ग्रॅममध्ये."

मागून पेन्शनवाले आजोबा हसले. "ओ सर, अंडी डझनावर घेत्यात, किलोवर न्हाई!"

सगळी रांग हसली. तो लाल झाला, पण जागचा हलला नाही.

"किराणावाल्याचा काटा ग्रॅम दाखवत नाही," तो हळूच म्हणाला, "आणि तुमचा दाखवतो असं ऐकलंय."

"पोस्टाचा काटा पार्सलसाठी असतो, सर."

"मग पार्सल समजा ना. पाठवणारा मीच आणि घेणाराही मीच..."

मला हसू आवरेना. ते लपवायला मी खाली वाकले आणि अंडी काट्यावर ठेवली. "एकशे चौऱ्याऐंशी."

त्यानं पेन काढलं, तळहातावर आकडा लिहिला, "थँक्यू, मॅडम" म्हणाला आणि झपाझप निघून गेला. अंडी काट्यावरच!

"अहो सर!" मी खिडकीतून जवळजवळ ओरडलेच. "तुमचं पार्सल राहिलं!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.

"कालच्या वजनाचं उत्तर," तो म्हणाला.

मी कागद सोडला. तपकिरी, चपटा तुकडा. दातानं तोडून पाहिला, तुटेना.

"सर, हे काय आहे?"

"केक."

"मला वाटलं, घरकुलाची वीट."

त्याचा चेहरा पडला, आणि मग तो इतकं मोकळं हसला की मागच्या टेबलावरून आमचे पोस्टमास्तर चष्म्यावरून बघू लागले.

त्याचं नाव शौनक. ज्युनिअर कॉलेजवर केमिस्ट्री शिकवायला जून महिन्यात आलेला, मूळ नगरचा. हे सगळं मला त्यानंच सांगितलं. दर दोन दिवसांनी त्याला एक तरी पाकीट रजिस्टर करायचं असायचं. एवढी पत्रं कुणाला पाठवत असेल, असा मला प्रश्न पडे. एकदा पत्ता नीट वाचला तर आडनाव त्याचंच, आणि जिला पाठवायचं ती त्याची आई. शोभाताई, नगर.

"आईला फोन लागत नाही का तुमच्या?" मी विचारलं.

"लागतो की."

"मग रजिस्टर कशाला?"

तो खिडकीच्या गजांकडे बघत म्हणाला, "फोनला... रांग नसते ना, मॅडम."

मी मान खाली घालून शिक्का मारला. शिक्का जरा जोरातच बसला.

केकची गोष्ट त्यानं हळूहळू सांगितली. नगरला त्यांच्या शेजारी सुवार्ताबाई राहायच्या, मिशनच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका. दर नाताळाला त्या तीन थरांचा स्पंज केक करायच्या. एकावर एक पातळ थर, मधे घरचा पेरूचा जाम, वर नुसती पिठीसाखर भुरभुरलेली. क्रीम नाही, की रंगीत फुलं नाहीत. शौनकच्या घरात अंडं येत नसे, म्हणून तो त्यांच्या ओट्यावर बसून खायचा. गेल्या वर्षी त्या गेल्या. कृती कुणीच लिहून घेतली नव्हती. त्यांचं एकच वाक्य शौनकच्या लक्षात राहिलं होतं : अंडी जेवढी भरतील तेवढंच पीठ, तेवढीच साखर, तेवढंच लोणी.

"म्हणून आधी अंडी तोलायची," तो म्हणाला. "बाकी सगळं त्यांच्या मागून."

"मग बिघडतं कुठं?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला वीट कशाला खायला घातली असती?"

त्यातच एक अडचण झाली. त्याचे घरमालक माळकरी. खोलीतून अंड्याचा वास आला आणि त्यांनी हात जोडून सांगितलं, सर, तुम्ही रहा, पण हे नको. शौनकनं लगेच ऐकलं. तो खिडकीशी आला तेव्हा हातातला गोल डबा एखाद्या पोरक्या लेकरासारखा धरून उभा होता.

"संपला प्रयोग," तो म्हणाला.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या रंगुबाईंकडे चालतं."

मी रंगुबाईंच्या घरात एक खोली घेऊन राहत होते. साठीच्या, एकट्या, एक म्हैस आणि पाच-सात कोंबड्या पाळणाऱ्या. त्यांनी शौनकला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "येऊ दे ऐतवारी. पर मी दारात बसनार, सांगून ठिवते."

त्या बसल्याच. दर रविवारी मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत. एक कान अंगणात, एक कान आत.

पहिल्या रविवारी जाड बुडाच्या पातेल्यात वाळू पसरली, वर तिवई, तिवईवर गोल डबा, आणि झाकणावर रंगुबाईंचा वरवंटा. शौनक दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघत होता.

"सर, तो काय पळून जाणार आहे का?"

"फुगतोय का ते बघतो."

"तुमच्याकडे कुणी असं सारखं टक लावून बघितलं तर तुम्ही फुलाल का?"

"बघणाऱ्यावर आहे," तो म्हणाला.

दारात रंगुबाई खाकरल्या.

केक मधोमध बसला, खड्ड्यासारखा. दुसऱ्या रविवारी खालून करपला. तिसऱ्या रविवारी बाजारातलं पिवळं लोणी सोडून रंगुबाईंच्या म्हशीचं पांढरंशुभ्र लोणी घेतलं, आणि मीच फेटायला बसले. साखर आणि लोणी एकाच दिशेनं, हात न थांबवता, पार दुधाच्या सायीसारखं होईपर्यंत. मग एकेक अंडं. मग मैदा, तीनदा चाळून, वरच्या वर हलक्या हातानं मिसळलेला. आणि झाकण... झाकणाला मी त्याला हातच लावू दिला नाही. वीस मिनिटांनी खराट्याची काडी खुपसून बघितली. कोरडी निघाली!

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खरं तर केककडे बघायला हवं होतं.

ते फेब्रुवारी, मार्च, एप्रिल कसे गेले ते मला नीटसं सांगता येणार नाही. आठवडा म्हणजे सहा दिवसांची वाट आणि एक रविवार. तो मला "मॅडम" म्हणे, मी त्याला "सर". तेवढ्या दोन शब्दांच्या आडून आम्ही सगळं बोलत होतो आणि काहीच बोलत नव्हतो.

एकदा मी लोणी फेटत असताना त्यानं विचारलं, "तुमचा वाढदिवस कधी?"

"एक जून."

तो हसला. "माझा अर्धा वर्ग एक जूनचा आहे."

"मग कळलं ना? मास्तरांनी दिलेली तारीख." मी हात थांबवला नाही. "आईला तारीख माहीत नाही. ती म्हणते, ऊसतोडीला गेल्तो तवा झालीस, पाचटाच्या कोपीत. थंडी लई हुती अन् कारखान्याचा भोंगा वाजत हुता. एवढंच."

हे मी पोस्टात कुणाला सांगितलं नव्हतं. माझे आई-बाप पाथर्डीकडून दर दिवाळीनंतर कोयते घेऊन निघायचे. मी वसतिगृहात वाढले. वडील गेल्यावरही आई एकटीच टोळीबरोबर जात राहिली, तिची कंबर गेली तोपर्यंत. आता ती गावात, दोन पत्र्यांच्या खोल्यांत, एकटी.

शौनकनं चाळणीत मैदा ओतला. अरेरे नाही, बिच्चारी नाही. मग म्हणाला, "म्हणजे थंडीतला कुठलाही एक दिवस तुम्ही स्वतः निवडू शकता. असं कुणाला मिळतं?"

माझ्या वाडग्यातलं लोणी त्या दिवशी जरा जास्तच फेटलं गेलं.

मे महिन्यात करवंदं आली. डोंगरातल्या बाया पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं घेऊन बाजारात बसल्या आणि शौनक म्हणाला, "पेरू कशाला? जाम याचाच करू." दुपारभर आम्ही रंगुबाईंच्या ओसरीवर बिया काढत बसलो. बोटं चिकानं चिकटली, नखं जांभळी झाली. मधूनच एखादं तोंडात जात होतं.

"तुमचे ओठ जांभळे झालेत," तो म्हणाला.

"तुमचे पाहा आधी."

"मला माझे दिसत नाहीत... तुमचेच दिसतात."

मी उठून आत गेले, खोबरेल तेलाची वाटी घेऊन आले. "चीक निघतो यानं," म्हटलं. त्यानं बोटं तेलात बुडवली, मीही. वाटी लहान होती. बोटाला बोट लागलं. कुणीच हात मागे घेतला नाही... रंगुबाई त्या दिवशी खाकरल्या नाहीत. झोप लागली होती की नाही, देव जाणे.

त्या रात्री मी ठरवलं की येत्या रविवारी त्याला सांगायचं. दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक तर त्याला कळलेलीच असावी. दुसरी मी लपवली होती. त्याची ओळख व्हायच्या कितीतरी आधी, गेल्या श्रावणात, मी बदलीचा अर्ज केला होता. पाथर्डीकडे. आईजवळ.

रविवार यायच्या आत शुक्रवार आला.

शौनक रांगेत होता, हातात आईला लिहिलेलं पाकीट. पोस्टमास्तर मागून मोठ्यानं म्हणाले, "पंकजाताई, पेढे काढा! बदली झाली तुमची. पाथर्डी! एक तारखेला तिकडं हजर."

सगळे वळून बघू लागले. "वा वा", "बरं झालं बाई, आईपाशी गेलीस". मी मात्र फक्त त्याच्याकडे बघत होते.

"कधी केला होतात अर्ज?" त्यानं विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

त्यानं मान हलवली. "अभिनंदन, मॅडम," म्हणाला आणि पाकीट तसंच हातात घेऊन बाहेर पडला.

त्या रविवारी तो आला नाही. रंगुबाईंनी सूप घेतलं, दारात बसल्या, तासाभरानं उठल्या. "तूच गेली असतीस सांगाया, तर तुझी काय जीभ झिजली असती?" एवढंच म्हणाल्या.

पण मी काय सांगणार होते? मी जाणारच होते. थांब म्हणायचा हक्क त्याला नव्हता आणि चल म्हणायचा मला नव्हता. तो नगरच्या जुन्या घरातला, जिथं पिढ्यान्‌पिढ्या पोथी किंवा खडू हातात होता. मी कोयत्याच्या घरातली. रविवारच्या केकपुरतं हे आठवत नाही. पुढचं काही म्हणायला गेलं की लगेच आठवतं.

निघायच्या दिवशी तो एसटी स्टँडवर आला. माझी ट्रंक, एक पोतं, रंगुबाईंनी दिलेले पाच किलो तांदूळ, सगळं त्यानं मुकाट्यानं गाडीत चढवलं. मग खिडकीखाली उभा राहिला. आज मी खिडकीत, पण पोस्टाच्या नाही.

"तुम्ही सांगितलं नाहीत," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर रविवारी आला असतात का?"

"आलो असतो. जास्त वेळा आलो असतो."

"सर, मी परत येणार नाही. आईला आता एकटं ठेवायचं नाही, असं ठरवलंय मी."

"मी काही मागितलं का?"

"नाही."

"तेच चुकलं माझं," तो म्हणाला.

कंडक्टरनं घंटी वाजवली. गाडी हलली. तो मागे पळत वगैरे आला नाही. उन्हात तसाच उभा राहिला, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या.

पाथर्डीकडे मी कामावर रुजू झाले. सकाळी डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी आईच्या हातची भाकरी. हेच तर हवं होतं. आईची कंबर शेकताना मला खरोखर बरं वाटे. पण तिची नजर कोयत्यासारखी. वरवरचं काही ठेवत नाही.

"राजूरला कायतरी इसरून आलीस व्हय?" एके दिवशी तिनं विचारलं.

"न्हाई गं."

"मंग सारखी मोबाईलमदी काय हुडकती?"

त्याच्याकडून एकच फोटो आला होता. रंगुबाईंच्या ओसरीवर एक केक, तीन थर, वरून सपाट. शब्द एकही नाही. मी उत्तर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. शेवटी आईलाच सगळं सांगितलं. अंडी तोलण्यापासून स्टँडपर्यंत. तिनं मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "येतो म्हनला का?"

"न्हाई."

"तू ये म्हनलीस?"

ती उठली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. मग मी पाचव्यांदा लिहिलं. चांगला झालाय. खायला मात्र मिळाला नाही. आणि पुसायच्या आत पाठवून टाकलं.

जूनचा शेवटचा रविवार. आमच्याकडे आभाळ नुसतं येऊन जातं. त्या दिवशीही ढग वरून सरकत होते आणि खाली धूळ उडत होती. दुपारचे बारा वाजले असतील. फाट्यावर माणसांनी खच्चून भरलेली वडापची जीप थांबली आणि त्यातून एक उंच माणूस उतरला. छातीशी स्टीलचा मोठा डबा धरलेला.

मी अंगणात धुणं वाळत घालत होते. हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं.

"रंगुबाईंनी दिलेला पत्ता बरोबर आहे ना?" त्यानं विचारलं. "दगडाबाईंचं घर?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

आई दारात आली. त्यानं डबा खाली ठेवला, वाकून नमस्कार केला. "मी शौनक. केक आणलाय. काल राजूरला केला, रात्री नगरला घरी मुक्काम केला, आणि..." बोलत बोलत त्यानं डबा उघडला.

आत चुरा होता. तिन्ही थरांचा मिळून एकच पिवळा चुरा. जीपमध्ये कुणीतरी बाई डब्यावर टेकून बसली होती म्हणे, आणि तिच्या मांडीवर लेकरू झोपलेलं, म्हणून तो उठा म्हणू शकला नव्हता.

आईनं वाकून बघितलं. "ह्यो रवा हाय का?"

मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. शौनक डब्याकडे असा बघत होता, जणू पोरांचा अख्खा वर्ग नापास झालाय.

"त्यात तोंड पाडायचं काय?" आई म्हणाली. "करा की परत. अंडी खुराड्यात हायती. चूल हाय. मी हाय."

मग आमच्या अंगणात केक सुरू झाला. मैदा आणि लोणी आणायला मी सायकल काढून दुकानात पळाले. परत आले तर शौनक चुलीपुढं मांडी घालून बसला होता आणि आई त्याला जाळ शिकवत होती.

"लाकडं वढ बाहीर. जाळ न्हाई पायजे, निखारा पायजे. खाली निखारं, अन् झाकनावर बी निखारं. कोपीत चारी अंगांनी वारं शिरायचं बाबा; तिथं भाकर करायची म्हंजी इस्तवाला लेकरावानी सांभाळावं लागायचं."

"हो, काकू."

"अन् सारखं उघडून बघू नगं."

"ते मला आधीच कुणीतरी शिकवलंय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

आईनं साखरेची मूठ उचलून हातात खेळवली. "असंल आमीच तोडल्याल्या उसाची," म्हणाली आणि लोण्यात टाकली.

मोजायला काटा नव्हता. वाटीनं, अंदाजानं घेतलं. शौनक फेटत होता, आई त्याचा हात बघत होती. पहिला थर निघाला. सोनेरी, कडेला किंचित तांबूस. नुसत्या निखाऱ्यांवर! शौनकनं तो टोपल्यावर उलटा काढला आणि कितीतरी वेळ आईकडेच बघत राहिला. "काकू, सहा महिने मी गॅसची ज्योत कमी-जास्त करतोय..."

दुसरा थर आत गेला. आईनं चिमटा बाजूला ठेवला.

"आता बोल," ती म्हणाली. "एवढ्या लांबून नुसता केक द्याया आला व्हय?"

मी पदर घेतलेला नव्हता, नाहीतर त्यात तोंड लपवलं असतं.

शौनक सरळ बसला. "नाही. पंकजाला मागायला आलोय."

पहिल्यांदाच त्यानं माझं नाव घेतलं होतं. चुलीचा धूर नेमका माझ्याकडे वळला म्हणून बरं झालं.

"तिला तुमच्यापासून न्यायला नाही," तो घाईनं पुढे म्हणाला. "पाथर्डीत एका कॉलेजला जागा निघाली आहे. अर्ज केलाय. मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर दुसरीकडे करीन, पण इकडेच. तोवर दर रविवारी येईन."

आई निखारे सारखे करत होती. "तुज्या आईला ठावं हाय?"

"काल सांगितलं."

"काय म्हनल्या?"

"आधी काहीच नाही. देवापाशी जाऊन बसली. मग सकाळी चहा देताना म्हणाली, तू सुवार्ताबाईंच्या ओट्यावर काय खातोस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हा मी काही बोलले का? आणि म्हणाली..." तो जरा थांबला. "म्हणाली, लगेच हो म्हणायला मला जमणार नाही, पण मुलीला घेऊन ये. मला तिच्याशी बोलायचंय."

"खरं बोलली बाई," आई म्हणाली. "मलाबी तिला भेटायचंय. बायाबायांचं आमी बघू."

एवढं होऊन दोघं तिसऱ्या थराकडे वळली. वाळू सारखी केली, तिवई नीट बसवली. मी बघत उभी.

"आणि मला?" मी म्हटलं. "मला कुणी विचारायचंय की नाही?"

शौनक पिठाच्या हातानंच उठला. चष्म्यावर मैदा, कपाळावर काजळी. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि अचानक खिडकीसमोरच्या त्या पहिल्या दिवसासारखा लाल झाला.

"पंकजा... मला बोलायला उशीर झाला. स्टँडवर बोलायला हवं होतं. त्याच्याही आधी, त्या करवंदांच्या दिवशी. तू... तुला चालेल का मी?"

किती तरी उत्तरं मनात रचून ठेवली होती मी. लाजरी, खोडकर, वळणावळणाची. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मला तू पहिल्या दिवसापासून आवडतोस," मी म्हटलं. "वीट खाल्ली तेव्हासुद्धा."

तो हसला नाही. त्यानं माझा हात हातात घेतला, आणि पिठानं दोघांचे तळवे चिकटले.

"तिसरा करपंल," आई चुलीकडे बघतच म्हणाली.

नाही करपला. चार वाजता तीन थर टोपल्यावर निवत होते. शौनकनं पिशवीतून करवंदाच्या जामची बाटली काढली. ती तेवढी जीपमधून धड आली होती. थरावर जाम, त्यावर थर, पुन्हा जाम. वरचा थर आईनं स्वतः ठेवला, दोन्ही हातांनी, जसं लेकरू पाळण्यात ठेवावं तसं. जरा तिरकाच बसला. कुणी सरळ केला नाही.

पहिला घास आईनं घेतला. डोळे मिटून चावला. आम्ही श्वास धरून.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "आंबूस बी हाय. बरं लागतंय."

तेवढ्यात कुडाच्या कुंपणापलीकडून शेजारच्या साळूबाईनं मान वर काढली. दुपारपासून ती तिकडंच घोटाळत होती. एकच भांडं तिनं तीनदा घासलेलं मी पाहिलं होतं.

"काय गं दगडाबाई, कसला एवढा वास सुटलाय? अन् ह्ये पाव्हनं कोन म्हनायचं?"

मी शौनककडे बघितलं, शौनकनं माझ्याकडे. अजून त्याच्या आईची भेट व्हायची होती, नोकरीचं पत्र यायचं होतं. काय सांगायचं ते आम्हालाच नीट माहीत नव्हतं.

आईनं ताटलीत एक जाडसर तुकडा ठेवला, कुडावरून साळूबाईच्या हातात दिला आणि लुगड्याला हात पुसत म्हणाली,

"जावई हाय आमचा. खाऊन बघ, त्यानंच केलाय."